बागेत वायफाय पुरवण्याचं सरकारी टेंडर कसं भरावं

महापालिकेच्या बागांमध्ये वायफाय बसवून चालवण्याची निविदा निघाली की बहुतेक जण आधी खांब आणि उपकरणं मोजायला बसतात. पैसे बुडतात ते मात्र पुढच्या तीन-पाच वर्षांच्या देखभालीत. म्हणून निविदेतलं दंडाचं, बिलांचं आणि मुदतीचं कलम सगळ्यात आधी वाचा.

पायरी १ : पैसे कोण देणार ते बघा

काही निविदांत पालिका उभारणीचे आणि देखभालीचे पैसे देते. काहींत ती फक्त जागा देते; तुम्ही जाहिरातींतून कमवायचं आणि वर तिला वाटा द्यायचा. दुसऱ्या प्रकारापासून मी तरी लांब राहीन. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला; मग फुकट वायफायची गरज कमी झाली. रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीच्या साथीने रेल्वे स्थानकांवर मोफत वायफाय देणाऱ्या गूगलनेही हेच कारण सांगून २०२० मध्ये तो कार्यक्रम आवरता घेतला.

पायरी २ : आपण पात्र आहोत का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिकांच्या ई-निविदा 'महाटेंडर्स' पोर्टलवर असतात. तिथे नोंदणीसाठी क्लास-३ डिजिटल सही लागते. जीएसटी, पॅन, सीएने दिलेला उलाढालीचा दाखला आणि तशाच कामाची पूर्णत्वाची प्रमाणपत्रं तयार ठेवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर बयाणा रकमेत, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीत, सूट आहे का, तेही पाहा.

खरी अडचण परवान्याची असते. इंटरनेट सेवेचा परवाना मागितला असेल आणि तो तुमच्याकडे नसेल, तर भागीदारीत निविदा भरता येते का ते तपासा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेत छोट्या 'पब्लिक डेटा ऑफिस'ला, म्हणजे लोकांना वायफाय पुरवणाऱ्या केंद्राला, परवाना लागत नाही. पण निविदेत ही सोय मान्य केलेली असेल तरच तिचा उपयोग.

पायरी ३ : बाग पाहून या

रविवारी संध्याकाळी जा, गर्दी तेव्हाच कळते. दाट झाडी सिग्नल अडवते, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा जास्त. भर पावसाळ्यातली पानं डोळ्यासमोर ठेवूनच खांबांची जागा ठरवा. स्विचपासून उपकरणापर्यंतची तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपलीकडे चालत नाही. मोठ्या बागेत म्हणून फायबर टाकावी लागते, आणि खोदाई आली की उद्यान विभागाची परवानगी आली. झाड तोडावं लागणार असेल तर वृक्ष प्राधिकरणाकडेही जावं लागतं. उघड्यावरच्या पेट्या आयपी६७ दर्जाच्या (धूळ-पाणी आत न शिरणाऱ्या) घ्या, अर्थिंग नीट करा. चोरी आणि माकडं यांचाही हिशेब धरा.

पायरी ४ : निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा

तोंडी आश्वासनाला नंतर कोणी ओळख देत नाही. वीजमीटर कोणाच्या नावावर? बिल कोण भरणार? रात्री फाटक बंद असताना बिघाड झाला तर आत कोण सोडणार? सर्वांत महत्त्वाचं, वीज गेल्यामुळे बंद पडलेली सेवा दंडात धरणार का? ९९ टक्के सेवा चालू हवी अशी अट असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात फक्त ७ तास १२ मिनिटांची सूट मिळते. महावितरणने देखभालीसाठी एक दिवस वीज बंद ठेवली की ती संपली. उत्तरं शुद्धिपत्रकात आली तरच ती खरी माना, आणि शुद्धिपत्रकं शेवटच्या दिवसापर्यंत पाहत राहा.

पायरी ५ : दर काढा

उपकरणं, फायबर, खोदाई, खांब हे सोपं आहे. त्यात मुदतभराचं बँडविड्थचं भाडं, बॅटऱ्यांची बदली, फिरता तंत्रज्ञ आणि ओटीपीच्या एसएमएसचा खर्च घाला. वापरणाऱ्याची ओळख मोबाइल ओटीपीने पटवून नोंदी ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. दर जीएसटीसह मागितलाय की वगळून, हे दोनदा वाचा. १८ टक्क्यांची चूक कुठल्याच नफ्यातून भरून निघत नाही. बिलं उशिरा निघतील असं धरून काही महिन्यांचं खेळतं भांडवल बाजूला ठेवा. एल-१ (सर्वांत कमी दराचा निविदाकार) व्हायच्या हट्टाने अंदाजपत्रकाच्या फार खाली गेलात तर जादा अनामत मागितली जाऊ शकते.

पायरी ६ : पाकिटं भरा

पहिल्या पाकिटात तांत्रिक कागद, दुसऱ्यात फक्त दर. दर चुकून पहिल्यात गेला तर निविदा बाद. दरपत्रकाची एक्सेल फाइल पोर्टलवरूनच उतरवा. तिचं नाव किंवा रचना बदलू नका. सगळं अपलोड करून 'फ्रीझ'चं बटण दाबेपर्यंत निविदा सादर झालेली नसते. वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरली जाते, त्यामुळे आदल्या दिवशीच भरा. मुदतीआत पुन्हा सादर करता येते. 'विथड्रॉ' मात्र दाबू नका, त्यानंतर त्याच निविदेत परत भरता येत नाही.

दर उघडल्यावर सगळ्यांच्या दरांचा तक्ता पोर्टलवर दिसतो. काम मिळो न मिळो, तो उतरवून ठेवा. शेजारच्या पालिकेची निविदा निघेल तेव्हा बरेचदा हेच स्पर्धक समोर असतील.