सोलापुरात कन्नड-तेलुगूत अदबीनं बोलायला कसं शिकायचं

सोलापुरात राहायचं म्हणजे मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडणारच, अक्कलकोटकडची माणसं घरात कन्नड बोलतात, पूर्व भागात पद्मशाली घरांतून तेलुगू, तरी शेजाऱ्याला त्याच्या भाषेत नुसतं 'जेवलात का' विचारता येत नाही असे कितीतरी लोक आहेत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. व्याकरणाच्या मागे लागू नका.

आधी आदराचं शेपूट पकडा, सगळी अदब त्यातच आहे. कन्नडमध्ये ते 'री', तेलुगूत 'अंडी'. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये आणि 'बर्री' म्हणजे या, 'कूडरी' म्हणजे बसा. तेलुगूत बसा म्हणजे 'कूर्चोंडी', सांगा म्हणजे 'चेप्पंडी'. शब्द पाठ करताना शेपटासकटच करा, नाहीतर परक्या आजींना 'ये गं' म्हटल्यासारखं होतं. आणि तेलुगूत ये म्हणजे 'रा', त्याला 'अंडी' जोडून 'या'साठी जो शब्द होतो तो मराठी कानाला शिवीसारखा लागतो, ऐकलात तर चिडू नका, माणूस आदरानं घरात बोलावतोय.

मग विचारपूस. आपल्याकडे थँक्यूपेक्षा जेवणाचा प्रश्न जास्त चालतो. कन्नडमध्ये 'ऊटा आतेन्री?' विचारा, समोरून 'आत्री, निम्दू?' आलं की आपण 'नम्दू आत्री' म्हणायचं, बास, तेवढ्यानं चेहरा खुलतो. तेलुगूत 'तिन्नारा?', उत्तर 'तिन्नानंडी, मीरु?' तब्येतीसाठी कन्नडमध्ये 'आराम अदीरेन्री?' आणि तेलुगूत 'बागुन्नारा?'

उर्दूत 'अस्सलामु अलैकुम'ला 'वालेकुम अस्सलाम', आणि 'शुक्रिया' सगळ्यांनाच येतं.

निघताना 'जातो' नको, आपण 'येतो' म्हणतो ना, तसंच तिकडे पण आहे, कन्नडमध्ये 'बर्तेन्री', तेलुगूत 'वेळ्ळोस्तानंडी'.

सराव एकाच माणसाशी करा, रोज भेटणाऱ्या, भाजीवाल्या अक्काशी किंवा शेजारच्या काकूंशी, आणि 'बरोबर म्हटलं का?' असं सरळ विचारा, लोक आनंदानं सुधारून देतात. उच्चार कागदावरून नाही बसत, त्यांच्या तोंडून ऐकूनच बसतो. मोठ्या माणसांशी बोलताना आपलं सोलापुरी 'बे' मात्र आवरा, ते दोस्तांपुरतंच. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे तिथल्या जत्रेत, गेलात की कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराला 'इद एष्ट्री?' आणि तेलुगू बोलणाऱ्याला 'इदि एंतंडी?' म्हणून भाव विचारा, पण आकडे आधी शिकून जा, उत्तर त्याच भाषेत येईल.