हास्यक्लब चालवताय? या चुका टाळा

आमच्या बागेतला हास्यक्लब सुरू झाला तेव्हा पस्तीस जण येत होते. दीड महिन्यात अकरा उरले. चुका आमच्याच होत्या, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक विनोद सांगण्याची. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईत लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथेही विनोदच सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, चावट आणि बोचरे सुरू झाले, तक्रारी आल्या. मग त्यांनी विनोदच काढून टाकले. हे माहीत असूनही आम्ही तेच केलं. एक गृहस्थ रोज बायकांवरचे विनोद सांगायचे. चौथ्या दिवशी मागच्या रांगेतल्या तीन बायका आल्याच नाहीत. विनोद नकोच. समोरच्याच्या डोळ्यांत बघून मुद्दाम हसायला लागा, मिनिटभरात खरं हसू येतं.

घसा बसतोय? मग तुम्ही सलग आणि गळ्यातून हसताय. 'हो हो, हा हा हा' म्हणत टाळ्या, मग अर्धा मिनिट हास्य, मग दोन दीर्घ श्वास, हा क्रम सोडू नका. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

तब्येत न विचारता कुणालाही रांगेत उभं करू नका. हर्निया, काचबिंदू, अपस्मार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा. आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. जोरात हसताना थोडी लघवी होते, म्हणून पन्नाशीपुढच्या कितीतरी बायका गुपचूप येणं बंद करतात. आम्हाला हे एका ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून हास्याच्या प्रत्येक प्रकाराआधी 'ज्यांना हवं त्यांनी मौन हास्य करा' असं सगळ्यांनाच सांगतो. ओठ मिटून, खांदे हलवत हसायचं. कुणाला कारण द्यावं लागत नाही. त्या ताई परत आल्या.

शेजारच्या इमारतीतून ओरडा झाला तर वाद घालू नका. रात्रपाळी करून आलेला माणूस सहाला झोपलेला असतो. कोपरा बदला, सिंहहास्य (जीभ बाहेर काढून, डोळे विस्फारून मोठ्याने हसणं) सातनंतर घ्या.

पण क्लब खरा मोडतो तो न आलेल्याची चौकशी कुणी करत नाही म्हणून. आमच्यातले एक काका पत्नी गेल्यावर येईनासे झाले. 'त्यांना थोडा वेळ देऊ' म्हणत आम्ही महिना घालवला. शेवटी दोघं घरी गेलो. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, तिथून बाग दिसते. म्हणाले, "रोज ऐकतो. पण आत्ताच हसायला लागलो तर लोक काय म्हणतील?" आम्ही म्हटलं, हसू नका, नुसते टाळ्यांना या. दुसऱ्या दिवशी आले, कडेला उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि शेवटचा चहा होईपर्यंत थांबले.

तेव्हापासून साधी वही ठेवलीय. नाव, घर क्रमांक, घरातल्या एकाचा फोन. तीन दिवस खाडा झाला की फोन, आठवडा झाला की घरी जायचं. वही गटप्रमुखाकडे ठेवू नका, आठवड्याला हात बदलू द्या. आमचे गटप्रमुख मुलीकडे गेले तेव्हा वहीही कपाटात बंद, क्लबही बंद, असं वीस दिवस झालं होतं.