जुन्या इमारतीतील विजेची नासाडी शोधण्याची आणि थांबवण्याची पद्धत

रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग अशा शहरांतील जुन्या चार मजली इमारतींच्या सोसायट्यांमध्ये वीजबिलाचा विषय निघाला की चर्चा थेट सौर पॅनेलवर जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की पॅनेलचा विचार शेवटी करावा आणि आधी सामाईक मीटर व पाण्याचा पंप तपासावा.

प्रथम सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले काढून एकूण युनिट मांडावेत. आपल्या ग्रिडमधील (सामाईक वीजजाळ्यातील) एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे वर्षाला ६,००० युनिट वापरणाऱ्या इमारतीच्या नावावर सुमारे ४.२ टन जमा होतात. पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते म्हणून आपली वीज स्वच्छ, असे चिपळूणकरांनी समजू नये. ग्रिड सगळ्यांची एकच आहे आणि तिच्यातील बहुतांश वीज कोळशाची आहे.

पंपाची तपासणी रात्री, जिन्यातील दिवे आणि लिफ्ट थोडा वेळ बंद ठेवून करावी. मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. तो ३,२०० असेल आणि पंप चालू असताना मिनिटाला ८० वेळा, म्हणजे तासाला ४,८०० वेळा दिवा लुकलुकत असेल, तर पंप दीड किलोवॅट वीज ओढतो आहे. दहा हजार लिटर पाणी १५ मीटर उंच चढवण्यास निव्वळ ऊर्जा ०.४१ युनिट लागते; पंपाचा आणि पाइपचा तोटा धरूनही सव्वा ते दीड युनिटात हे काम व्हावे. तेवढ्यासाठी पंप दोन तास चालत असेल तर तीन युनिट जातात, म्हणजे निम्मी वीज वाया जाते. अशा वेळी झिजलेला इंपेलर (पंपातील पाणी ढकलणारे चक्र), गळका फूटव्हॉल्व्ह (ओढपाइपच्या तळाची पाणी मागे न जाऊ देणारी झडप) आणि आतून गंजून अरुंद झालेला जुना लोखंडी पाइप हे तिन्ही पंपवाल्याकडून पाहून घ्यावेत. गच्चीवरची टाकी भरून पाणी वाहत राहत असेल तर फ्लोट स्विच (टाकी भरताच पंप बंद करणारा तरंगता खटका) बसवावा, कारण वाहून गेलेल्या पाण्याबरोबर ते वर चढवण्याची वीजही गेलेली असते.

जिन्यातील जुन्या ट्यूब चोकसह पन्नासेक वॅट घेतात, त्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावाव्यात. घराघरांतील ७५ वॅटचे पंखे जसजसे निकामी होतील तसतसे ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) पंखे घ्यावेत. कोकणातील दमट हवेत पंखा जवळजवळ दिवसभर फिरतो, त्यामुळे हा बदल लवकर वसूल होतो.

गच्चीचे काम मात्र आगोटीपूर्वीच उरकावे. भेगा बुजवून, वॉटरप्रूफिंग करून त्यावर पांढरा परावर्तक लेप दिल्यास वरच्या मजल्यावरील उकाडा कमी होतो आणि तेथील एसी कमी चालतो.

एवढे झाल्यावर उरलेल्या वापराच्या मापाने सौर पॅनेल घ्यावेत. केंद्र सरकारच्या छतावरील सौर पॅनेलसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते, हे हिशेबात धरावे. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही, म्हणून सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. जून २०२० मधील निसर्ग वादळाने रायगड आणि दापोलीकडील पत्र्यांची केलेली दशा लक्षात घेऊन, वाऱ्याच्या दाबाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.