सोसायटीत कुणी जिवाला कंटाळलंय असं वाटलं तर

घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की ऐरोलीतली सिडकोची जुनी इमारत, माणूस खचायला लागला की ते डॉक्टरच्या आधी वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना दिसतं. काका आठ दिवस खाली उतरले नाहीत, डबा तसाच परत गेला, दाराशी पेपर साचलेत. म्हणून सोसायटीतली चार माणसं ठरवून ठेवावीत: एक विचारणारा, एक सोबत बसणारा, एक दवाखान्यात नेणारा आणि एक नंतर फोन करणारा. चौघांत निदान एक बाई आणि एक पंचविशीच्या आतलं कुणी हवं. थकबाकीच्या नोटिसा काढणाऱ्या सेक्रेटरींना यात घेऊ नका. वसुली करणाऱ्यापाशी कुणी मन मोकळं करत नाही.

काय बघायचं

एकट्या खुणेला फारसा अर्थ नसतो, बदलाला असतो. झोप उडणं, दारू वाढणं, भजनी मंडळ किंवा कट्टा अचानक सुटणं. विम्याचे कागद, पासवर्ड घाईघाईने कुणाच्या तरी हवाली करणं. ‘मी नसलो तर तुमचं ओझं तरी कमी होईल’ असं हसत हसत म्हणणं. आणि कित्येक दिवसांच्या घालमेलीनंतर माणूस एकाएकी शांत झाला, तर ‘सुटलो बुवा’ म्हणू नका. कधी कधी ती शांतता मनाशी काही ठरवून टाकल्याची असते.

कसं विचारायचं

लिफ्टमध्ये किंवा लॉबीत विचारू नका. घरी जा, टीव्ही बंद करायला सांगा, आपला मोबाइल पालथा ठेवा. आधी जे दिसलं तेच बोला: ‘काका, बरेच दिवस तुम्ही फेरी मारायला आला नाहीत. जेवणही जात नाही असं काकू म्हणाल्या. काय चाललंय?’ मग गप्प बसा. अर्धा मिनिट शांतता जड वाटते, पण मध्ये तोंड घालू नका. त्यानंतर सरळ विचारा: ‘इतकं असह्य झालंय की जीव द्यावासा वाटतो, असं मनात येतं का?’

असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सैलावतो. ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ हा मात्र प्रश्नच नव्हे. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच यावं, अशी सोय आपण आधीच करून ठेवलेली असते.

उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नका. ‘बरं झालं सांगितलंत’ एवढंच म्हणा आणि पुढचं विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का? त्याचं साधन हाताशी आहे का? कधी, ते ठरलंय का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? ठरलंय आणि साधनही घरात आहे, असं कळलं तर त्या क्षणापासून माणूस एकटा राहता कामा नये. पूर्वीचा प्रयत्न हीसुद्धा मोठी धोक्याची खूण आहे.

‘मुलांचा तरी विचार करा’ आणि ‘माझी शपथ घे’ या दोन गोष्टी हमखास अंगाशी येतात. पहिलीने अपराधीपणा वाढतो, दुसरीने माणूस पुढच्या वेळी लपवतो. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्दही देऊ नका. ‘ग्रुपवर एक अक्षर जाणार नाही, पण तुमच्या जिवासाठी एक-दोघांना सांगावं लागेल’ असं स्पष्ट बोला.

फोन आणि दवाखाना

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. नंबर नुसता फॉरवर्ड करू नका. शेजारी बसून स्वतः लावा, भाषा निवडा, मग फोन हातात द्या. लागला नाही तर 1800-89-14416 लावून बघा.

काही करून घेतलं असेल तर 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. घरगुती उपाय नकोत, उलटी काढू नका. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं किंवा बाटली सोबत न्या. ‘पोलिस केस होईल’ या भीतीने घरचे तासन् तास घालवतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाबही होतो. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं धरूनच चालतं, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम 309 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तसं उरलेलं नाही.

ठाण्यात 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. लोक त्याला अजून ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ म्हणतात, त्या नावानेच घरचे बिचकतात. त्यांना सांगा, ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातच आहे.

घर सुरक्षित करणं

जीव द्यायची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर माणूस तरू शकतो. गोळ्या एका आठवड्यापुरत्याच घरात ठेवा आणि त्याही दुसऱ्याच्या ताब्यात; डॉक्टरांनाही थोड्याच लिहून द्यायला सांगा. उंदरांचं औषध, बागेची फवारणी सोसायटीच्या स्टोअरला कुलुपात. गच्चीचं दार आगीच्या वेळी लगेच उघडलं पाहिजे, म्हणून किल्ली खाली वॉचमनच्या टेबलाशी काचेच्या डबीत ठेवा आणि कोण घेऊन गेलं ते वहीत लिहा. घरातलं सामान गुपचूप उचलू नका. ‘काही दिवस हे माझ्याकडे राहू दे’ म्हणून मागून घ्या.

मग वहीचं अर्धं पान आणि पेन त्याच्यापुढे ठेवा. अक्षर त्याचंच हवं. बिघडायला लागलं की आधी काय होतं (‘रात्री तीनला जाग येते’), तेव्हा एकट्याने काय करता येतं, कुठे जाऊन बसता येतं, कुणाला फोन करायचा, डॉक्टर कोण, घरातून काय हलवायचं. ‘देवाचं नाव घेईन’ असं लिहिलं तर खोडू नका, पण खाली एक फोन नंबर लिहूनच घ्या. पानाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये.

चौथा माणूस

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. दवाखान्यातून घरी आलं की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमके तेच पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून लोक पाचव्या दिवशीच सोडतात, नाहीतर बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी फोन, चौथ्या दिवशी फोन, मग तीन महिने दर आठवड्याला. तोच माणूस, तीच वेळ. लोकलने येणारा असेल तर रात्री साडेनऊनंतर. सुरुवात साधीच, ‘आज डब्याला काय होतं?’ पण ‘ते विचार परत आले का?’ हे दर वेळी विचारायचं. फोन उचलला नाही तर तासाभरात दाराशी जायचं. फोन करणारा गावाला जाणार असेल तर त्याने जाण्याआधी दुसऱ्याची ओळख करून द्यावी.