ॲनिमेशन दिग्दर्शक व्हायचंय आणि स्टुडिओही काढायचाय?

दिग्दर्शक म्हणून पहिलीच नोकरी सहसा कुणाला मिळत नाही. आधी ॲनिमेटर किंवा स्टोरीबोर्ड (गोष्टीची शॉटवार कच्ची चित्रं) काढणारा आर्टिस्ट, मग एपिसोड किंवा सीक्वेन्स डायरेक्टर, अशी ही वाट. यातली बोर्डची पायरी गाळू नका. चांगला ॲनिमेटर शॉट जिवंत करतो, पण तो शॉट मुळात हवा का, हे बोर्डवर ठरतं. शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची फिल्म, एक-दीड मिनिटाची पुरे. सर्वांत दमदार काम सुरुवातीला, आणि प्रत्येक शॉटमध्ये तुम्ही नेमकं काय केलं तेही लिहा. दिग्दर्शनाकडे वळायचं असेल तर सोबत दोन मिनिटांचं ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं वेळेनुसार जोडलेला कच्चा व्हिडिओ, द्या.

खरं दिग्दर्शन ॲनिमॅटिकमध्येच होतं. बोर्डची चित्रं, कच्चे संवाद आणि प्रत्येक शॉटची वेळ, एवढंच त्यात असतं. पण इथला बदल स्वस्तात होतो. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने २४० फ्रेम. ‘ऑन टूज’ (एक ड्रॉइंग दोन फ्रेमना) केला तरी १२० ड्रॉइंग. ॲनिमॅटिकमध्ये तो उडवायला काही मिनिटं लागतात, क्लीनअपनंतर (कच्च्या रेषा पक्क्या केल्यावर) उडवला तर १२० ड्रॉइंग केरात. थ्रीडीत फ्रेमला २० मिनिटं रेंडर (कॉम्प्युटरने अंतिम चित्र तयार करणं) धरलं तर तोच शॉट एका मशीनवर ८० तास खातो, आणि लाइट बदलला की पुन्हा तेवढेच. तरीही ॲनिमॅटिक लॉक (पक्कं) न करता शॉट वेगवेगळ्या ॲनिमेटरना वाटले जातात, कारण मुदत जवळ असते आणि टीमला रिकामं बसवायचं नसतं. मग एका शॉटमध्ये उजव्या हातात असलेला कप पुढच्या शॉटमध्ये डाव्या हातात दिसतो.

फीडबॅक देणं हे वेगळंच कौशल्य. ‘जरा जान येऊ दे’ असं म्हटलं की ॲनिमेटर अंदाजाने तीन-चार गोष्टी बदलतो आणि त्यातली बरी होती तीही बिघडते. ‘३८व्या फ्रेमला वजन डाव्या पायावर येत नाही, कंबर दोन फ्रेम आधी खाली ने’ असं सांगितलं की काम एका फेरीत होतं. पोझ बदलायची तर ब्लॉकिंगमध्येच, म्हणजे मुख्य पोझ ठरवण्याच्या टप्प्यात. स्प्लाइन (पोझांमधली हालचाल सलग करणं) झाल्यावर पोझ बदलणं म्हणजे शॉट नव्याने करणं.

आता स्टुडिओ. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केल्यावर ‘टॉम अँड जेरी’वाले विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९५७मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीचं बजेट तुटपुंजं, म्हणून धड स्थिर ठेवून डोकं, तोंड नि हात तेवढे हलवायचे, चालण्याची सायकल (एकदा काढलेल्या पावलांच्या ड्रॉइंगचा संच) पुन्हा पुन्हा वापरायची. त्यांची ओळख बनलेली शैली घडवण्यात जमाखर्चाचा मोठा वाटा होता. जपानमधल्या १९८५च्या स्टुडिओ घिबलीत मियाझाकी आणि ताकाहाता हे दोन दिग्दर्शक, पण निर्मितीची धुरा पुढे तोशियो सुझुकींनी वाहिली. म्हणून दोन दिग्दर्शक मित्रांनी भागीदारी करण्यापेक्षा एक दिग्दर्शक आणि एक प्रोड्यूसर ही जोडी अधिक टिकाऊ, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भागीदारीचा करार काम मिळण्याआधी करा. हिस्सा एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी कुणी भागीदारी सोडून गेला तर काहीच नाही. मतभेद झाल्यास कलेत शेवटचा शब्द कुणाचा आणि पैशांत कुणाचा, हेही लिहून ठेवा.

क्लायंटशी करारात पैसे चार हप्त्यांत मागा: सही, ॲनिमॅटिक मंजुरी, ब्लॉकिंग मंजुरी, अंतिम डिलिव्हरी. शेवटचा हप्ता सर्वांत लहान ठेवा, कारण हमखास रखडतो तोच. बदलांच्या फेऱ्या दोन, मंजुरी देणारी व्यक्ती एकच, आणि मंजूर टप्प्याच्या मागे नेणारा बदल म्हणजे वेगळं बिल. आपली चूक मात्र फुकट दुरुस्त करायची. प्रोजेक्ट फाइल्स आणि पात्रांचे हक्क कुणाकडे, हे वाक्य करारात नसेल तर सही करू नका.

सर्वांत महागडे रीटेक (पुन्हा करायला लावलेलं काम) मात्र क्लायंटचे नसतात, मालक असलेल्या दिग्दर्शकाचे असतात. त्यांचं बिल कुणालाच लावता येत नाही. त्यासाठी बजेटमध्ये सुरुवातीलाच वेगळे दिवस धरा, त्या दिवसांच्या हिशेबाची वही प्रोड्यूसरकडे द्या, आणि दिवस संपले की ‘आता नाही’ म्हणायचा अधिकारही त्यालाच.