मस्कारपोने घरीच जमलं

तिरामिसू हे इटालियन डेझर्ट करायचं होतं आणि त्यात लागणारं मस्कारपोने चीज कुठेच मिळेना. मूळचं इटलीतल्या लोम्बार्दीचं हे चीज मला फार आवडतं, म्हणून घरीच करून बघितलं. पहिल्यांदा पार फसलं. लिंबू पिळलं की दूध फाटतं तसं क्रीम फाटेल, अशी माझी समजूत. फाटेना म्हणून रस वाढवत गेले आणि ते नुसतंच आंबट झालं. शिवाय क्रीम २५ टक्के फॅटचं होतं, तेही पातळच राहिलं.

दुसऱ्या वेळी ३५ टक्क्यांचं ५०० मिली क्रीम घेतलं. मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत तापवलं (थर्मामीटर हवाच, अंदाजावर जाऊ नका), त्यात एकच मोठा चमचा लिंबाचा रस घातला आणि तेवढ्याच तापमानावर पाच मिनिटं हलक्या हाताने ढवळत राहिले. इथे गुठळ्या होतच नाहीत. क्रीम नुसतं दाटतं, चमच्याच्या पाठीवर जाडसर थर धरतं, बोट फिरवलं की रेघ तशीच राहते. तेवढं दिसलं की गॅस बंद.

गार झाल्यावर दुहेरी मलमलीत ओतून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवलं. पाणी जेमतेम दोन-तीन चमचे निघालं, पण सकाळी कापडातलं चीज लोण्यासारखं मऊ आणि गोडसर होतं. तीन-चार दिवसांत संपवा.