बोटीच्या इंजिनचं इंजेक्शन काढून कार्ब लावताय? या चुका टाळा

"इंजेक्शनला कंटाळलोय, कार्ब लावून द्या." पानशेत, वरसगाव, मुळशी, कुठल्याही काठावर गेलं तरी हे वाक्य कानावर येतंच. इंजेक्शन म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारी पद्धत, कार्ब म्हणजे जुना साधा कार्ब्युरेटर. मागणी अगदीच वेडगळ नाही. इकडच्या मोठ्या बोटी बऱ्याचदा सेकंडहँड, मुंबईमार्गे आलेल्या, आत पाच ते पावणेसहा लिटरचं अमेरिकन व्ही-८ इंजिन. त्याचा एक सेन्सर मागवायचा तर वाट बघत बसा, आणि कोड वाचायचं यंत्र ज्याच्याकडे आहे तो नेमका गावाला गेलेला असतो. कार्ब मात्र पेचकस आणि हवेच्या प्रेशरवर साफ होतो.

मान्य. पण ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नुसतं पेट्रोल मोजत नाही. स्पार्कचं टायमिंग तेच ठरवतं, पंप केव्हा चालवायचा आणि केव्हा तोडायचा तेच ठरवतं, इंजिन तापलं किंवा ऑइल प्रेशर पडलं की भोंगा तेच वाजवतं. डबा काढून कपाटात ठेवलात की ही सगळी कामं कोणाच्या तरी गळ्यात घालावी लागतात. मी बघितलेले बहुतेक घोटाळे यातलं एखादं काम विसरल्यामुळे झालेत.

आणि आउटबोर्डवाल्यांनी (ज्यांचं इंजिन बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं असतं) इथूनच परत फिरावं. फोर-स्ट्रोक इंजेक्शन आउटबोर्डला कार्ब लावण्यात जेवढे पैसे जातील त्यात जुनं कार्बवालं आउटबोर्ड येईल.

दोष सापडायच्या आधीच पाने हातात घेणे

ही चूक माझ्या डोक्यात जाते, म्हणून जरा सविस्तर.

पानशेतला एका गृहस्थांची बोट आयडलला गोड चालायची, पण पूर्ण रेस दिली की दोन-चार मिनिटांत खोकून बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं, "इंजेक्टर गेलेत, आणि हे कॉम्प्युटरचं लफडं आपल्याकडे चालत नाही." झालं! नवा मॅनिफोल्ड (कार्ब ज्यावर बसतो तो), नवा कार्ब, नवा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा). जुनं सगळं भंगारात किलोच्या भावाने गेलं. बोट पाण्यात उतरवली, पूर्ण रेस दिली, आणि ती तिसऱ्याच मिनिटाला खोकून बंद पडली.

मग मला फोन. मी गेलो तो फक्त २० लिटरची पोर्टेबल टाकी आणि नळी घेऊन. बोटीच्या टाकीची लाइन काढली, पोर्टेबल जोडली. धरणाला मोठी चक्कर मारून आलो, इंजिनने एकदाही कुरकुर केली नाही. दोष टाकीच्या तोंडाशी होता. तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, आत बारीक गोळी आणि स्प्रिंग. पुढे नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, ओघळू नये म्हणून तो बसवतात. बोट पावसाळाभर उभी होती, पेट्रोलचा चिकट डिंक झाला आणि गोळी अर्धवट अडकली. आयडलपुरतं पेट्रोल यायचं, पूर्ण रेसला पुरायचं नाही. ते इंजेक्शनला पुरत नव्हतं, मग कार्बला कुठून पुरणार?

गृहस्थ म्हणाले, "मग ही गोळीच काढून टाकू का?" काही लोक तसं करतातही. अहो, नवा व्हॉल्व्ह शे-पाचशेची वस्तू आहे, आणि तो तिथे का आहे ते आत्ताच सांगितलं.

त्यामुळे कार्बचं नाव काढलं की मी आधी चार गोष्टी बघतो. बाहेरच्या टाकीवर चालवून बघणं. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज, कारण तो दहाच्या खाली जात असेल तर ईसीएम वेड्यासारखं वागणारच. इंजिन ब्लॉकवरची अर्थिंगची वायर खोलून, घासून पुन्हा आवळणं. आणि फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) गेज लावणं: मल्टिपोर्ट इंजेक्शनला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) ४० पीएसआयच्या आसपास दाब हवा. यात एक सकाळ जाते. घाई असलेल्यांना ती जड वाटते, पुढचा अख्खा हंगाम वाया गेलेला चालतो.

एवढं करूनही कार्बच लावायचा ठरला तर काढलेलं काहीही विकू नका. वायरिंग हार्नेसच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावा आणि खोक्यात घाला.

गाडीचे पार्ट बोटीला लावणे

कोथरूडचा एक हुशार मुलगा, स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने चार बॅरलचा कार्ब ऑनलाइन मागवला, डिस्ट्रिब्युटर ओळखीतून मिळवला, दोन्ही गाडीचे. मी म्हटलं, हे मरीन नाहीत. तो म्हणाला, "काका, कंपनी तीच, कास्टिंग तेच. मरीन लिहिलं की दुप्पट पैसे घेतात एवढंच." काही दिवसांनी त्याने इंजिनचं झाकण उघडलं तेव्हा वास आधी आला. फ्लोटच्या नीडलमध्ये (कार्बची वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) कचरा अडकला होता, कार्ब ओव्हरफ्लो होत होता आणि पेट्रोल मॅनिफोल्डवरून ओघळून बिल्जच्या पाण्यावर तवंग धरून होतं. नशीब इतकंच की त्याने किल्ली फिरवायच्या आधी झाकण उघडलं.

गाडीचं बॉनेट खालून उघडं असतं, वाफ निघून जाते. बोटीचा तळ बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि हवेत तिचं प्रमाण सुमारे १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. मरीन कार्बमध्ये बाउलची, म्हणजे त्या वाटीची, हवा सोडणाऱ्या नळ्या आत घशाकडे वळवलेल्या असतात. ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल इंजिनात जातं, इंजिन काळा धूर सोडून बंद पडतं, पण बाहेर थेंब पडत नाही. मरीन डिस्ट्रिब्युटरच्या भोकांना बारीक जाळी असते, आतली ठिणगी बाहेर येत नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटरचंही तेच. दुप्पट पैसे या जाळीचे आणि वळवलेल्या नळ्यांचे आहेत.

कार्बवर गाडीचा गोल एअर फिल्टरही नको. फ्लेम अरेस्टरच हवा. इंजिनने बॅकफायर केला तर ज्वाळा तिथे अडते. अमेरिकेत एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इनबोर्ड इंजिनला तो कायद्यानेच लागतो. आपल्याकडे कोणी विचारत नाही म्हणून तो काढून मोकळा घसा ठेवणारे आणि "आवाज बघा काय येतो" म्हणणारे महाभाग मी बघितलेत. प्रवासी नेणारी बोट असेल तर हे काम सुरू करण्याआधी सर्व्हेअरशी बोला.

इंजेक्शनचाच पंप ठेवणे

कार्बला ४ ते ७ पीएसआय लागतात, वर सांगितलेले ४० नाहीत. नीडल तो दाब धरूच शकत नाही. मधे रेग्युलेटर टाकून भागवतात, तो एक दिवस बसतो. ब्लॉकवर मेकॅनिकल पंपाची जागा असेल, आणि कॅमला तो पंप हलवणारा उंचवटा (लोब) असेल, तर मरीन मेकॅनिकल पंप लावा. त्याला एक पारदर्शक नळी असते, ती कार्बला जोडायची. डायफ्रॅम फाटला की त्या नळीत पेट्रोल दिसतं.

जागा नसेल तर कमी दाबाचा मरीन इलेक्ट्रिक पंप, पण किल्लीवर थेट नाही. ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. थेट जोडलेल्या एका बोटीत किल्ली चालू राहिली, नीडल गळत होती, आणि संध्याकाळपर्यंत पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरलं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, वास घ्या.

टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन असेल तर दोन्ही टोकं धातूच्या प्लगने बंद. नळीत बोल्ट कोंबून वर क्लिप आवळणं याला मी बंद म्हणत नाही. नळ्या एसएई जे१५२७ लिहिलेल्या घ्या. नाना पेठेत मीटरवर मिळणारी काळी नळी स्कूटरला ठीक आहे.

टायमिंगचा विसर

इंजेक्शनवाल्या डिस्ट्रिब्युटरला स्वतःची अक्कल नसते, स्पार्क पुढे-मागे ईसीएम करतं. तोच ठेवून कार्ब लावला तर टायमिंग एका जागी अडकतं, इंजिन सुरू होतं पण ओढत नाही, आणि मालक महिनाभर कार्बचे स्क्रू पिळत बसतो. स्वतःचा ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी देणं) असलेला मरीन डिस्ट्रिब्युटर लागतोच. त्याचा गिअर तुमच्या कॅमला चालणारा आहे ना, तेही विचारून घ्या. आयडलला साधारण ८ ते १० अंश ठेवून लोक समाधानी होतात. मी ३००० आरपीएमच्या वर टायमिंग लाइट मारून एकूण आकडा बघतो. तो तिशीच्या आसपास थांबला पाहिजे. हे बोट पाण्यात बांधून करायचं. ट्रेलरवर, पाण्याशिवाय, "फक्त एक मिनिट" इंजिन फिरवणाऱ्यांनी आधी कूलिंगच्या पंपाचा रबरी इंपेलर विकत आणून ठेवावा.

उरलेल्या, पटापट

१९९६ नंतरच्या व्होर्टेक हेडला (जीएमचं सिलिंडर हेड) आठ बोल्टचा मॅनिफोल्ड लागतो, जुना बारा बोल्टचा बसत नाही. त्या बोल्टना फक्त ११ फूट-पाउंड. हेडचे बोल्ट समजून आवळू नका.

मोठा कार्ब म्हणजे जास्त ताकद नाही. ३५० घनइंच (५.७ लिटर) गुणिले ४८०० आरपीएम भागिले ३४५६, उत्तर येतं ४८६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा. ६०० चा कार्ब भरपूर झाला. ७५० चा कार्ब मित्राला दाखवायला चांगला.

मर्क्रुझरचा अल्फा वन ड्राइव्ह असेल तर गिअर सुटताना क्षणभर स्पार्क तोडणारा स्विच नव्या इग्निशनला जोडा, नाहीतर गिअर न्यूट्रलला येणारच नाही आणि तुम्ही जेट्टीवर आदळाल.

इलेक्ट्रिक चोकला किल्लीवरून १२ व्होल्ट द्या, कॉइलवरून नाही.

टेम्परेचर आणि ऑइल प्रेशरचे वेगळे स्विच आणि भोंगा लावा, आणि स्विचची वायर अर्थ करून तो खरंच वाजतो का ते बघा.

किल्लीआधी ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवा, तरीही झाकण उघडून नाक घाला.

पानशेतला सेट करून मांडव्याला नेणे

ही चूक खास आपली, घाटावरच्या लोकांची. पानशेतचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६३५ मीटरवर, म्हणजे दोनेक हजार फूट. हवा विरळ आहे हे ईसीएमला मॅप सेन्सरमुळे (हवेचा दाब मोजणारा) कळायचं. कार्बला कळत नाही. समुद्रसपाटीचा कार्ब इथे थोडा रिच (पेट्रोल जास्त) चालतो, आणि होलीसारख्या कार्बचा सर्वसाधारण नियम असा की दोन हजार फुटांना जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर खाली. त्यात आता २०२५ पासून पंपावर बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला हवेच्या मानाने पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं, त्यामुळे तोच जेट लीन (पेट्रोल कमी) पडतो. पानशेतला हे दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि खोक्यातून आलेले जेट बऱ्यापैकी जमतात. माणूस खूश.

मग दिवाळीच्या सुट्टीत तीच बोट ट्रेलरवर टाकून मांडव्याला. तिथे हवा दाट, ई२० मात्र तसंच, आणि इंजिन लीन. गाडी लीन असेल तर उतारावर जरा दम खाते. बोट तासभर पूर्ण रेसवर लोड ओढत असते, तिच्या पिस्टनला भोक पडतं.

त्यामुळे समुद्रावर नेण्याआधी मेन जेट एक-दोन नंबर वर. मग काही मिनिटं पूर्ण रेस, रेस न सोडता किल्ली बंद, आणि प्लग काढून बघणं. पांढराफटक प्लग दिसला तर अजून वर. ऑक्सिजन सेन्सर लावू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं आणि सेन्सर त्यात फार जगत नाही. मी दोन डब्या ठेवतो, एकीवर "धरण", दुसरीवर "समुद्र", आणि बसवलेल्या जेटचा नंबर फ्लेम अरेस्टरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो.